कोरोनरी धमनीची वेगळी वाट : सापडली म्हणजे रोग झाला का?

आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं, त्यामुळे सोसायटीत नवीन राहायला आलेले लोक अजूनही अधूनमधून गुडघा दाखवायला येतात. त्यांना सांगावं लागतं की बाबांनो, आम्ही तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, आमचा स्वतःचाच गुडघा दुखतो. तेव्हा आजच्या विषयात औषधपाण्याचा सल्ला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तो आपापल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून घ्यावा. पण एक रिपोर्ट हातात आला की त्यातल्या वाक्याचा अर्थ काय लावायचा, आणि काय लावायचा नाही, हा प्रश्न आमच्या शास्त्रातलाही आहे. त्याबद्दल बोलू.

गेल्या वर्षीची गोष्ट. पर्वतीच्या पायऱ्या चढताना आम्हाला धाप लागायला लागली. आधी वय म्हणून सोडून दिलं. मग सौ.नी धरून नेलं. डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी सांगितली. रिपोर्ट आला, त्यात ब्लॉकेज असं काही विशेष नव्हतं. पण खाली एक ओळ होती : सर्कमफ्लेक्स धमनीचा उगम डावीकडून नसून उजवीकडून आहे, आणि ती महाधमनीच्या मागून जाते; जन्मजात वेगळी रचना. बहात्तर वर्षं हे आमच्या छातीत होतं आणि आम्हाला पत्ता नाही! त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही हे कबूल करतो.

त्याच महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. “सर, तुमच्या रिपोर्टसारखंच काहीतरी माझ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये आलंय.” मुलगा पंधरा वर्षांचा, फुटबॉल खेळणारा. त्याच्याही रिपोर्टचं वाक्य तसंच सुरू होत होतं : डाव्या धमनीचा उगम उजवीकडून. पुढचे दोन-तीन शब्द मात्र वेगळे होते, आणि सगळा फरक त्या दोन-तीन शब्दांत होता. आज आपल्याला तेवढंच समजून घ्यायचंय.

थोडी रचना पाहू. हृदयातून महाधमनी निघते, सगळ्या शरीराला रक्त नेणारी. तिच्या अगदी तोंडाशी झडप असते आणि झडपेच्या तीन पाकळ्यांमागे तीन फुगीर खिसे असतात. वाल्साल्वा नावाच्या इटालियन शरीररचनातज्ज्ञाच्या नावाने ते ओळखले जातात. आपण त्यांना साधं ‘खिसे’ म्हणू. डाव्या खिशातून डावी कोरोनरी धमनी निघते आणि थोड्याच अंतरावर तिचे दोन फाटे होतात : एक हृदयाच्या पुढून खाली उतरणारा, दुसरा वळसा घालून मागे जाणारा. हा वळसेवाला म्हणजे सर्कमफ्लेक्स. उजव्या खिशातून उजवी कोरोनरी. तिसरा खिसा रिकामा. म्हणजे बघा, हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण स्वतःचं रक्त त्याला या दोन बारीक नळ्यांतूनच मिळतं.

आता गर्भात हे सगळं घडताना काही जणांत नळी वेगळ्या खिशातून निघते, किंवा तिचे दोन्ही फाटे सुटे सुटे निघतात, किंवा एकच धमनी सगळा कारभार सांभाळते. काहींत ती चुकीच्या जागी जाऊन मिळते. क्वचित डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतूनच निघते; तो प्रकार फार गंभीर आहे, तान्हेपणीच बाळ आजारी पडतं आणि शस्त्रक्रिया झाली नाही तर बहुतेक बाळं पहिल्या वर्षात दगावतात. तो विषय आज बाजूला ठेवू, कारण तो ‘अचानक सापडत’ नाही, स्वतःच ओरडून सांगतो. आपला विषय गप्प बसणाऱ्यांचा आहे.

हे किती लोकांत असतं? १९९० साली यामानाका आणि हॉब्ज यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या १,२६,५९५ रुग्णांच्या अँजिओग्राफी तपासून एक मोजणी प्रसिद्ध केली. त्यात १,६८६ जणांत काही ना काही जन्मजात वेगळेपण निघालं. म्हणजे शंभरात एकाहून थोडे जास्त. त्यांतले बहुसंख्य, साधारण पाचातले चार, निरुपद्रवी प्रकारचे. आमचा सर्कमफ्लेक्सवाला प्रकार त्यांत चांगला दणकून आहे. उजवी धमनी डाव्या खिशातून निघालेले १३६. आणि डावी मुख्य धमनी उजव्या खिशातून निघालेले फक्त २२.

हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायचं. ही मोजणी हॉस्पिटलात अँजिओग्राफीला आलेल्यांची, म्हणजे मुख्यतः मोठ्या वयाच्या माणसांची. जे विशीतच मैदानावर गेले ते या यादीत येणारच कसे? यादीत कोण नाही हे विचारल्याशिवाय यादीवर विश्वास ठेवू नये, ही आमची वर्गातली जुनी सवय.

आता शब्दाकडे येऊ. डॉक्टर अशा रचनेला ‘अ‍ॅनॉमली’ म्हणतात. जॉर्ज कांगिलेम नावाचा फ्रेंच विचारवंत होता, तत्त्वज्ञही आणि वैद्यकही शिकलेला. १९४३ साली वैद्यकाच्या पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्याने या शब्दाची फोड केली. लोकांना वाटतं हा शब्द ‘नोमॉस’ म्हणजे नियम यापासून आला, म्हणून अ‍ॅनॉमली म्हणजे नियमभंग. तसं नाही. तो ‘ओमालॉस’ म्हणजे सपाट, सारखं यापासून आला. अ‍ॅनॉमली म्हणजे ओबडधोबड, उंचसखल जमीन. उंचसखल असणं हा काही गुन्हा नव्हे. ती जमीन नांगराला अडली तर मात्र प्रश्न. वेगळेपण हे वर्णन आहे, रोग हा निवाडा आहे, आणि वर्णनातून निवाडा आपोआप निघत नाही.

कांगिलेमच्या काळात असं होतं की माणसाला आधी काहीतरी खुपायचं, मग वैद्य शोधायचा. शरीर तक्रार करायचं, मग शास्त्राला बातमी लागायची. आता उलटं झालंय. सीटीच्या यंत्रात माणूस झोपतो, जिभेखाली एक फवारा मारतात, हृदयाची गती साठच्या आसपास आणतात, हातातून आयोडीनचं डाय सोडतात, श्वास रोखायला सांगतात आणि काही सेकंदांत हृदयाचे अर्ध्या मिलिमीटरचे काप समोर. जे कधी खुपलंच नाही ते आधी दिसतं. मग ‘आता खुपलं पाहिजे’ असं मनच ठरवतं!

आमचं नेमकं तेच झालं. धाप लागत होती, धमनी वेगळी निघाली; म्हणजे धाप धमनीमुळे, असा सरळ हिशोब आम्ही मांडला. तर्कशास्त्र चाळीस वर्षं शिकवलेला माणूस! आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात, आणि घरगुती भाषेत कावळा बसायला आणि फांदी तुटायला. दोन महिने आम्ही त्या कावळ्याला दोष देत होतो. पर्वती बंद, भाजीची पिशवी उचलणं बंद. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं. ते निघालं ८.९. डाय देण्याआधी किडनीसाठी रक्त तपासलं होतं, पण हिमोग्लोबिन कुणी पाहिलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. गुडघ्यासाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्यांनी पोटात जखम झाली होती आणि रक्त हळूहळू जात होतं. म्हणजे धाप गुडघ्यामुळे होती असं म्हणा हवं तर.

गंमत अशी की कोरोनरी धमनीच्या आत डाय सोडून चित्र घेण्याची पद्धतच मुळी अपघाताने सापडली. ३० ऑक्टोबर १९५८ ला क्लीव्हलँडमध्येच मेसन सोन्स हे डॉक्टर एका रुग्णाच्या महाधमनीत डाय सोडत असताना नळीचं टोक सरकून थेट उजव्या कोरोनरीत गेलं. असं झालं तर माणूस दगावतो अशी तेव्हाची समजूत. हृदय काही क्षण थांबलं, रुग्णाला खोकायला सांगितलं, ठोके परत सुरू झाले. आणि कळलं की हे करता येतं.

असो. आता त्या दोन-तीन शब्दांकडे येऊ.

चुकीच्या खिशातून निघालेल्या धमनीला आपल्या प्रदेशात पोचायला पलीकडे जावं लागतं. जायच्या वाटा ठरावीक आहेत. महाधमनीच्या मागून, ही आमची वाट. फुप्फुसधमनीच्या पुढून. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून. या वाटांनी गेलेली धमनी बहुतेक वेळा आयुष्यभर त्रास देत नाही. चौथी वाट मात्र महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून जाते. मुलाच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : ‘दोन धमन्यांच्या मधून’.

ही वाट वाईट का? पूर्वी सांगत असत की दोन मोठ्या नळ्यांच्या मधे ती चिमटीत सापडल्यासारखी दाबली जाते. चित्र डोळ्यांसमोर येतं, पटतं. पण जरा विचार करा. महाधमनीत वरचा दाब असतो साधारण १२०, फुप्फुसधमनीत जेमतेम २५. आणि कोरोनरीच्या आतला दाब महाधमनीसारखाच. मग २५ दाबाची मऊ नळी १२० दाबाच्या नळीला चेपणार कशी? या शंकेमुळे लक्ष दुसरीकडे गेलं. असं दिसतं की या वाटेने जाणारी धमनी पुष्कळदा महाधमनीतून लगेच बाहेर पडत नाही. काही मिलिमीटर ती महाधमनीच्या भिंतीतूनच सरकते. घरात कन्सील पाइप भिंतीत गाडलेला असतो, तशी. तिचं तोंड गोल नसून फटीसारखं असतं, आणि ती तिरपी निघते. बसल्या जागी याने काही बिघडत नाही. पण धावताना महाधमनी ताणली जाते, भिंत ताणली की भिंतीतली नळी चपटी होते, फट आणखी मिटते. आणि नेमकी त्याच वेळी हृदयाला रक्ताची भूक सगळ्यात जास्त असते. डावी मुख्य धमनी असेल तर हृदयाचा मोठा भाग उपाशी राहतो. उजवी असेल तर धोका त्या मानाने बराच कमी, पण शून्य नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये ‘उगम कुठून’ एवढं वाचून थांबायचं नाही. वाट कोणती, भिंतीतून किती अंतर, तोंड गोल की फटीसारखं, हे विचारायचं. लिहिलं नसेल तर डॉक्टरांना सांगून रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्यायचं. यात संकोच नको.

जाता जाता एक. आजकाल सीटीत ‘मायोकार्डियल ब्रिज’ हा शब्द फार जणांच्या रिपोर्टमध्ये येतो. धमनीचा थोडा भाग हृदयाच्या वर न राहता स्नायूखालून जातो, एवढंच. स्नायू आकुंचन पावला की ती दाबली जाते हे खरं, पण कोरोनरीत रक्त मुख्यतः हृदय सैलावतं तेव्हा वाहतं. म्हणून बहुतेकांना त्याची जन्मात जाणीव होत नाही.

आता मुलाकडे. तो पहिल्यांदा पडला तेव्हा सराव संपत आला होता, शेवटच्या धावांमध्ये. सगळे म्हणाले ऊन आहे, उपाशी असेल. दुसऱ्यांदा पडला, तेव्हा घरच्यांनी दाखवलं. ईसीजी नॉर्मल. ट्रेडमिल नॉर्मल. “काही नाही, खेळू द्या,” असं सांगून परत पाठवलं. त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. चाचणीत काही सापडलं नाही हे त्यांनी खरंच सांगितलं. चूक पुढच्या पायरीत आहे.

आपल्या मीमांसकांनी ‘अनुपलब्धि’ नावाचं प्रमाण मानलं आहे. वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असं ज्ञान होणं. पण त्यांनी एक अट घातली : ती योग्यानुपलब्धि हवी. खोलीत उजेड आहे, डोळे ठीक आहेत, मडकं असतं तर दिसलंच असतं, आणि तरी दिसत नाही. तेव्हाच ‘मडकं नाही’ म्हणता येतं. अंधारात मडकं दिसलं नाही यावरून काहीच ठरत नाही. आणि पिशाच्च दिसत नाही म्हणून पिशाच्च नाही, हाही युक्तिवाद चालत नाही, कारण ते असलं तरी दिसण्याजोगं नसतं!

मग ट्रेडमिल या प्रकारात उजेड आहे की अंधार? २००० साली इटली आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशाच रचनेमुळे अचानक गेलेल्या २७ तरुण खेळाडूंच्या नोंदी एकत्र केल्या. २७ पैकी २५ जण व्यायामाच्या वेळी किंवा लगेच नंतर कोसळले होते. त्यांतल्या ज्या ९ जणांचे आधी साधे ईसीजी झाले होते ते सगळे नॉर्मल. ६ जणांची ताण देऊन चाचणी झाली होती, तीही सगळी नॉर्मल. फट दरवेळी मिटत नाही. ज्या दिवशी तपासलं त्या दिवशी मिटली नसेल. म्हणजे चांगला ट्रेडमिल हा दिलासा आहे, पुरावा नाही.

पीट मॅरॅविचचं नाव बास्केटबॉलवाल्यांना माहीत असेल. दहा वर्षं तो अमेरिकेच्या एनबीएमध्ये खेळला, म्हणजे दहा वर्षं रोज ट्रेडमिल म्हणा ना. ५ जानेवारी १९८८ ला, चाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात मित्रांबरोबर सहज खेळताना कोसळला. शवविच्छेदनात दिसलं की त्याला डावी कोरोनरी नव्हतीच. उजवी एकटीच सगळं चालवत होती.

दुसऱ्या बाजूचाही आकडा सांगितला पाहिजे, नाहीतर आपण सगळे घाबरून घरी जाल. अमेरिकन सैन्यातल्या नव्या भरतीच्या जवानांचा २५ वर्षांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६३ लाख जवान. प्रशिक्षणात इजा नसताना अचानक मृत्यू १२६. त्यांतल्या ६४ जणांत हृदयातलं कारण सापडलं, आणि त्यांतले २१ हे डावी कोरोनरी उजव्या खिशातून, दोन धमन्यांच्या मधून जाणारी. एकही वेगळ्या वाटेचा नाही. आता एक अगदी कच्चा हिशोब करू, कच्चाच हं. क्लीव्हलँडचं प्रमाण धरलं तर ६३ लाखांत अशी रचना असलेले हजारभर जवान असायला हवेत. म्हणजे बहुतेक सगळे ते कवायतीचे आठवडे काढून सुखरूप घरी गेले. पण हजारात एकवीस, तेही काही आठवड्यांत. हा आकडा ज्या आईच्या मुलाचा आहे तिला लहान वाटेल का?

मुलाला दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथल्या बालहृदयतज्ज्ञांनी पहिला प्रश्न हा विचारला : पडला तेव्हा धावत होता की उभा होता? शाळेत प्रार्थनेला उभी राहून मुलं चक्कर येऊन पडतात, ते बहुधा साधं असतं. धावता धावता पडणं वेगळं. ते ऊन आणि उपास यांच्या खात्यावर टाकायचं नाही, मंडळी. मग त्यांनी एकोमध्ये डाव्या धमनीचं तोंड जिथे असायला हवं तिथे शोधलं. मिळालं नाही. इथे उजेड होता, तोंड असतं तर दिसलं असतं. ही झाली योग्यानुपलब्धि! लगेच सीटी केली.

विद्यार्थिनीने आम्हाला विचारलं, “सर, मग तो आजारी आहे का? त्याला तर काही होत नाही.” आम्ही म्हणालो, “अगं, आजारी आहे की नाही हा शब्दांचा प्रश्न थोडा बाजूला ठेव. त्याला काही होत नाही असं नाही, तो दोनदा पडलाय.” लक्षणं असतील किंवा हृदयाला रक्त कमी पडत असल्याचा पुरावा असेल तर शस्त्रक्रिया करावी, यावर तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. काहीच लक्षण नसताना सापडली, विशेषतः उजवी धमनी असेल, तर मतं वेगवेगळी आहेत आणि तिथे घाई नको. शस्त्रक्रिया ऐकायला सोपी वाटते : भिंतीत गाडलेल्या नळीवरचं ‘छत’ उघडायचं, म्हणजे तोंड मोकळं होतं. पण छाती उघडून, हृदय थांबवून करायची गोष्ट आहे, सोपी नव्हे.

मुलाच्या आजोबांचा विरोध होता. पोरगा घोड्यासारखा धावतो, त्याची छाती कशाला फाडायची? आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “यांचीही धमनी वेगळीच आहे ना? हे झाले की बहात्तरचे.” मोठा युक्तिवाद आहे, हसू नका. वाक्य सारखं असल्यामुळे माणसं सारखी वाटायला लागतात, ती अशी. आम्ही दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, दोन्ही वाटा कागदावर काढून दाखवल्या. आमची धमनी मागून मोकळी जाते, तिला भिंत नाही, फट नाही. आम्ही बहात्तरचे झालो यावरून त्याच्याबद्दल काही ठरत नाही. आजोबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हा पाइप भिंतीत कुणी घातला?” याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

आमच्या रिपोर्टचंही टाकाऊ कागद म्हणून काही करू नका असं डॉक्टर म्हणाले. उद्या महाधमनीची झडप बदलायची वेळ आली तर मागून जाणारी ती धमनी टाक्यात किंवा झडपेच्या कड्याखाली सापडू शकते, सर्जनला आधी माहीत हवं. साधी अँजिओग्राफी करणारालाही तोंड शोधत बसावं लागत नाही. म्हणून तो रिपोर्ट आता फाइलमध्ये वरच्या पानाला लावला आहे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय : घरातल्या बाकीच्यांचीही सीटी करावी का? बहुतेक वेळा हे घरात एकट्यालाच असतं. काही कुटुंबांत एकाहून जास्त जणांत सापडल्याच्या नोंदी आहेत, म्हणून डॉक्टरांना विचारावं. पण सगळ्या घरादाराला यंत्रात घालायची गरज नाही. सापडलेल्याचं काय करायचं हे ठाऊक नसताना शोधत सुटलं की काय होतं, ते आम्ही दोन महिने अनुभवलंय.

मुलाची शस्त्रक्रिया होऊन अडीच महिने झाले. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा ताण देऊन चाचणी करतात, ती नीट आली आणि तक्रार नसेल तर खेळायला परवानगी मिळू शकते. ती चाचणी पुढच्या पंधरवड्यात आहे. काल त्याचा फोन होता. चाचणीबद्दल एक शब्द नाही. त्याच्या जागी टीममध्ये कुणाला घेतलंय आणि तो कसा डाव्या पायाने मारूच शकत नाही, हेच सांगत होता.